लंडनले लेकरं घेऊन चाललो, पास घेऊ का नको? आजच सांगा

अंजनगावचा_राजू
राजेहो मदत पाहिजे, आजच पाहिजे. मी, बायको अन् दोन लेकरं लंडनले चाललो. तिकिटं झाली, व्हिसा झाला, ते विचारू नका. विषय आहे तिथल्या मेट्रोच्या पासाचा. आमचा एजंट म्हणते चौघांचाही पास इथूनच काढा, उद्यापासून रेट वाढून रायला, आज संध्याकाळपर्यंत पैसे टाका. बायको म्हणते टाकून द्या एकदाचे, पण मले डाऊट येऊन रायला कारण याच माणसानं माझ्या मावसभावाले दुबईत एकच बस दोनदा विकली होती. तर घेऊ का नको एवढंच सांगा. अन् बाबागाडी नेऊ का? सहाच्या आत सांगा, मंग मी वावरात जातो, तिथं रेंज नसते.

सावजी_किंग
लंडन कायले भाऊ, दुबई करा नाही तर सिंगापूर करा. लंडनात नुसतं पाणी पडते. आमचे पोट्टे दुबईत बम खुश होते.

अंजनगावचा_राजू
तिकिटं झाली म्हटलं ना बापा.

नागपूरची_प्राची
लेकरं केवढी आहेत? किती दिवस? कोणत्या महिन्यात? हॉटेल कुठे घेतलं? यातलं काहीच लिहिलं नाही आणि म्हणे घेऊ का नको एवढंच सांगा.

मास्तर_निवृत्त
प्रत्येक मुलाचा व्हिसा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो, आईवडिलांच्या अर्जात मुलं धरत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र काढतात. आमच्या नातवानं फोटोच्या वेळी जे भोकाड पसरलं ते अख्ख्या ऑफिसनं ऐकलं.

अंजनगावचा_राजू
सर व्हिसा झाला. लेकरं लहान आहेत हो, शाळेतलीच. मे महिन्यात, सहा दिवस. हॉटेल नाही, साळ्याकडे उतरतो.

हंसलोची_पुसदकर
राजूभाऊ, मी इथं लंडनात हंसलोले राहते, माहेर पुसद. पैसे टाकू नका! "लहान" म्हणजे किती लहान ते आधी सांगा, सगळं त्याच्यावरच आहे. अकरा वर्षांच्या आतलं लेकरू मोठ्या माणसासोबत असलं तर ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, फुकट, एका मोठ्या माणसामागं चार लेकरं चालतात. बसमध्येही फुकट. म्हणजे तुमचा तो एजंट दोन फुकट लेकरांचा पास विकून रायला.
मोठ्यांनाही सहा दिवसांसाठी पास लागत नाही. तुमचं बँकेचं टॅपवालं कार्ड आहे ना, तेच स्टेशनच्या फाटकावर पिवळ्या गोलाले टेकवायचं, उतरल्यावर परत टेकवायचं. दिवसभरात किती कापायचं याची मर्यादा ठरलेली आहे, त्याच्यावर कितीही फिरा. बसमध्ये फक्त चढताना टेकवा. अन् रोख पैसे काढू नका, २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोख घेतच नाहीत. एका तासात कितीही बसा बदलल्या तरी एकाच बसचं भाडं.
दोघांची कार्डं वेगवेगळी पाहिजेत. आत जाताना कार्ड अन् बाहेर येताना मोबाइल असं करू नका, मशीन दोन वेगळी माणसं समजते अन् दोघांकडून जास्तीत जास्त भाडं कापते. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला वापर चालू करून ठेवा, माझे सासरे हिथ्रोच्या फाटकावर अर्धा तास उभे होते यापायी.

पांढरकवडा_एक्सप्रेस
आपलं कार्ड वापरलं तर बँक वरून फॉरेक्सचा मार्कअप, म्हणजे परदेशी चलनाचे जास्तीचे पैसे, लावते ते कोण सांगीन? ऑयस्टर कार्ड घ्या, तिथलं पैसे भरून टेकवायचं प्रवासाचं कार्ड, निळं असते, मी तेच वापरलं.

हंसलोची_पुसदकर
ऑयस्टर तरी कायनं भरणार, त्याच कार्डानं ना? अन् ऑयस्टर विकत घ्यायचे पैसे वेगळे, ते वापस मिळत नाहीत. भाडं दोन्हीत सारखंच.

पांढरकवडा_एक्सप्रेस
मी पौंड रोख नेले होते, स्टेशनच्या मशीनमध्ये टाकले. सगळ्यांकडे चांगली कार्डं असतात असं नाही ताई.

नागपूरची_प्राची
भांडा नंतर. राजू, लेकरांची वयं???

अंजनगावचा_राजू
धाकटा साडेतीन. मोठी दहाची. म्हणजे २४ मेले अकराची होते.

नागपूरची_प्राची
आणि तुम्ही तिथे कधी?

अंजनगावचा_राजू
२२ ते २७.

सावजी_किंग
घ्या! पोट्टी लंडनात मधातच मोठी होऊन रायली 😂

ठेचा_भाकर
काय होते, कोण पाहते तिथं जन्मदाखला. उंचीनं लहान असन तर चालून जाते.

मास्तर_निवृत्त
परक्या देशात लेकरासमोर खोटं बोलायचं आणि तेही तिच्या वाढदिवशी?

ठेचा_भाकर
सर तुमच्या शाळेतून सहल गेली तेव्हा एसटीत किती पोरं अर्ध्या तिकिटाची दाखवली ते आम्ही त्या सहलीतच होतो.

मास्तर_निवृत्त
ते वेगळं होतं.

हंसलोची_पुसदकर
खोटं बोलायची गरजच नाही. ११ ते १५ च्या पाहुण्या लेकरांसाठी सोय आहे, ऑयस्टर घ्यायचं अन् स्टेशनवरच्या माणसाकडून त्याच्यावर यंग व्हिजिटर डिस्काउंट टाकून घ्यायचं, १४ दिवस चालते, मोठ्यांच्या अर्धं भाडं लागते. तिच्या हाती साधं टॅप कार्ड दिलं तर मात्र पूर्ण भाडं कापते. म्हणजे २३ पर्यंत फुकट, २४ पासून ऑयस्टर. पोरीले सोबत न्या, पासपोर्ट न्या. हे ऑयस्टरचं एक काम पांढरकवड्याचं बरोबर निघालं, घ्या.
फुकटवाल्या लेकराले फाटकातून कसं न्यायचं हे सगळे विचारतात. बाजूले रुंद फाटक असते, तिथं स्टाफ उभा असते. दोघांनी एकाच टॅपवर घुसायला पाहू नका, फाटक लेकरावर बंद होते अन् लेकरू रडते.

अंजनगावचा_राजू
आता समजलं. एजंटले फोन लावतो. अन् बाबागाडीचं?

पांढरकवडा_एक्सप्रेस
बाबागाडी नेऊ नका. लंडनची ट्यूब १८६३ ची आहे, तेव्हा कुठली आली लिफ्ट. २७२ स्टेशनं अन् त्यातल्या एक तृतीयांश स्टेशनांतच बिनपायऱ्यांचा रस्ता. मी स्वतः बाबागाडी, त्यात लेकरू, त्याच्यावर बॅग असं सगळं उचलून जिने चढलो, एक गोरा माणूस येऊन समोरून धरे तेव्हा जमे. साडेतीन वर्षांचं पोट्टं चालू द्या.

नागपूरची_प्राची
साडेतीन वर्षांचं पोट्टं लंडनमध्ये दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालत नाही हो. ते बाबाच्या खांद्यावर येतं आणि बाबाची कंबर जाते. हलकी, एका हातानं मिटणारी गाडी न्या. बसमध्ये मधोमध बाबागाडीची जागा असते.

पांढरकवडा_एक्सप्रेस
व्हीलचेअरवालं कोणी आलं तर ती जागा सोडा लागते, गाडी मिटा लागते, झोपलेलं लेकरू उठवा लागते. अन् डबल डेकरमध्ये वर समोरच्या सीटवर बसायची तर सगळी मजा आहे, बाबागाडी घेऊन वर कसे जाणार?

नागपूरची_प्राची
एकानं खाली थांबायचं. माझा नवरा सहाही दिवस खालीच होता.

ठेचा_भाकर
म्हणून त्याचा एकही फोटो नव्हता काय 😀

हंसलोची_पुसदकर
साळा राहते कुठं? त्याच्यावर बाबागाडीचं ठरीन. अन् त्यालेच काऊन नाही विचारत?

अंजनगावचा_राजू
साउथॉल. साळा बिनलेकराचा आहे, रात्रपाळी करते. त्याले पासाचं विचारलं तर म्हणे "या तर खरं, पाहू". त्याच्या भरवशावर गेलो असतो तर इथं कायले लिहीत बसलो असतो.

हंसलोची_पुसदकर
साउथॉल! हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. हिथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाईनची गाडी सरळ साउथॉलले येते, बदलायचं काम नाही, अन् तिच्या सगळ्या स्टेशनांवर बिनपायऱ्यांचा रस्ता आहे. जांभळा रंग लक्षात ठेवा. तीच पुढे टॉटनहॅम कोर्ट रोडले जाते, म्हणजे शहराच्या पोटात. बाबागाडी बिनधास्त न्या. खाण्याचीही चिंता नाही, साउथॉलमध्ये इंग्रजीपेक्षा पंजाबी जास्त ऐकू येते, तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं भेटते.

काकू_दारव्हा
खाण्यावरून आठवलं, साळ्यासाठी पेढे नेऊ नको रे बाळा. दुधाचं अन् मटणाचं काहीच नेऊ देत नाही तिथं, आमच्या वैनीचा किलोभर खवा टाकून द्यायले लावला. जवसाची चटणी ने, चिवडा ने. अन् स्वेटर ने, तिथं मे म्हणजे आपली दिवाळीनंतरची थंडी. लेकराच्या कानाले वारं लागू देऊ नको.

नागपूरची_प्राची
काकूंचं स्वेटरचं खरं आहे, आपल्याकडे ४५ डिग्री असताना बॅगेत स्वेटर भरायची इच्छा होत नाही. आणि झोपेचं कोणी सांगितलं नाही. तिथलं घड्याळ मे महिन्यात आपल्या साडेचार तास मागे. तुमचं लेकरू घरी सातला उठत असेल तर तिथे पहाटे अडीचला टुणकन उठून खायला मागेल. रात्री मात्र नऊपर्यंत उजेड, म्हणून झोपतही नाही. पहिले दोन दिवस तिकीटवालं काही बुक करू नका.

पांढरकवडा_एक्सप्रेस
पाहायचं काय ते ठरलं का? नॅचरल हिस्टरी म्युझियम कराच. फुकट आहे. आत शिरल्याबरोबर डोक्यावर निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगला आहे, २५ मीटर लांब, माझं पोट्टं पंधरा मिनिटं तिथंच आडवं पडून पाहत होतं. डायनासोरही आहेत. बाजूचं सायन्स म्युझियमही फुकट. साउथॉलवरून ईलिंग ब्रॉडवेले उतरा अन् हिरव्या डिस्ट्रिक्ट लाईननं साउथ केन्सिंग्टन. तिथं जिने आहेत बरं, मंग म्हणान सांगितलं नाही.

हंसलोची_पुसदकर
पण सोमवारपासून जाऊ नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथल्या शाळांना सुट्टी असते, म्युझियमच्या बाहेर रांगा लागतात. फुकटचं तिकीटही आधी ऑनलाइन वेळ धरून घ्या.

सावजी_किंग
त्याच म्युझियमच्या समोर व्हिक्टोरिया अ‍ॅण्ड अल्बर्ट म्युझियम आहे, जिथून वाघनखं साताऱ्यात आणली २०२४ ले. आणली म्हणजे उसनी आणली. आपल्या नागपूरच्या रघुजी राजांची तलवार मात्र २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सरकारनं ४७ लाख १५ हजारांत विकत घेतली, आपलीच तलवार!

ठेचा_भाकर
तलवार नागपूरले पाहिजे होती, मुंबईले कायले नेली?

मास्तर_निवृत्त
हा मुद्दा महत्त्वाचा आहे. रघुजी भोसल्यांचं राज्य

अंजनगावचा_राजू
सर हात जोडतो, पावणेसहा झाले.

भीमाईचा_लेक
राजूभाऊ एक दिवस बाबासाहेबांच्या घराले द्या. १० किंग हेन्रीज रोड, चॉक फार्म स्टेशन जवळ. लंडनात शिकत होते तेव्हा १९२१-२२ मध्ये तिथं राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं घेतलं, आता स्मारक आहे. लेकराईले कंटाळा येईन वाटत असन तर आधी रीजंट्स पार्कातलं झू दाखवा, मंग प्रिमरोझ हिलच्या टेकडीवरून चालत घराकडे या. टेकडीवरून अख्खं लंडन दिसते अन् पोट्टे गवतात लोळतात. आम्ही तिथंच चटणी-पोळी खाल्ली. माझी पोरगी तेव्हा सहाची होती, घरातून निघताना म्हणे बाबा, इथून शाळा किती दूर होती त्यांची.

अंजनगावचा_राजू
हे करतो. मोठीचा वाढदिवस त्याच दिवशी ठेवतो, तिले शाळेत बाबासाहेबांवर भाषणात नंबर आला होता. ते उघडं कधी असते?

भीमाईचा_लेक
निघायच्या आधी ऑनलाइन पाहून घ्या, वेळा बदलत राहतात.

अंजनगावचा_राजू
एजंटसोबत बोलणं झालं. लेकराईले फुकट आहे म्हटलं तर म्हणे "तो जुना नियम होता". नाव-नंबर लिहिलेला नियम दाखव म्हटलं तर म्हणे मिटिंगमध्ये आहे. पाठीमागं बैल हंबरून रायला होता. पास कॅन्सल. बाबागाडी नेतो, मिटणारी, बायकोनं आताच चुलत बहिणीची मागून आणली, एक चाक थोडं वाकडं आहे. चाललो वावरात.

हंसलोची_पुसदकर
वाकड्या चाकाची नका आणू! इथं जुन्या वस्तूंच्या दुकानात स्वस्तात भेटते. राजूभाऊ?

ठेचा_भाकर
गेला तो. रेंज नाही आता सकाळपर्यंत.

विदर्भ_टूर_प्रेमी
सगळा धागा वाचला नाही, पण माझं मत, पास इथूनच काढून घ्या, तिथं झंझट नको. हॉटेल बकिंगहॅम पॅलेसजवळ घ्या.