पीसी फाटकन बंद पडतो, काय बदलू? (बजेट ३,००० रुपये)

आळशी_मांजर: घरचा पीसी मध्येच बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, लाइट गेल्यासारखा थेट अंधार. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, कॅबिनेटबरोबर आलेला '४५० वॅट'चा एसएमपीएस (पीसीच्या भागांना वीज पुरवणारा डबा), ४ वर्षं जुना ६०० व्हीए यूपीएस. गेम चालू असताना जास्त होतं. संध्याकाळी सोसायटीचा पंप सुरू झाला की हमखास. ३,०००च्या वर एक रुपया नाही.

खटपट्या: एसएमपीएस. डोळे झाकून. ७५० वॅट, गोल्ड दर्जाचा (कमी वीज वाया घालवणारा) घ्या, माझा ६ वर्षं कुरकुर न करता चालतोय.

आळशी_मांजर: बजेट वाचलंत का?

खटपट्या: स्वस्तातला घेऊन मदरबोर्ड जाळायचा असेल तर घ्या.

धूळधाण: आधी तापमान बघा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून २० मिनिटं गेम खेळा. तुमचा प्रोसेसर ९५ अंशांजवळ गेला की स्वतःच वेग कमी करतो, त्याच्याही वर चढला तर बंद होतो. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलायची तर मटाराच्या दाण्याएवढी पुरे. कूलर सरळ वर ओढू नका! एएम४मध्ये (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. १० मिनिटं पीसी चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा.

कोकणी_बाणा: ब्लोअर कशाला, पेंटचा ब्रश पुरतो.

धूळधाण: ब्रशने हीटसिंकच्या फटीतली धूळ निघत नाही, आत बसते.

वायरमन: ब्रश-ब्लोअर नंतर भांडा. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम. 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. डिटेल्समध्ये बगचेककोड ० असेल तर विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीजच तुटली. ० नसेल तर ड्रायव्हर नाहीतर रॅम. शिवाय कॅबिनेटच्या बटणाची पॉवर एसडब्ल्यू वायर बोर्डवरून काढून बघा. बटण अडकलं तर ४ सेकंदांत पीसी बंद होतो.

आळशी_मांजर: कोड ०. तापमान ७४च्या वर जात नाही. वायर काढली तरी बंद पडला.

खटपट्या: म्हणजे एसएमपीएस. पहिल्याच उत्तरात सांगितलं होतं.

आकडेमोड: '४५० वॅट' सोडा, स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

आळशी_मांजर: १८.

आकडेमोड: १८ × १२ = २१६ वॅट. कार्ड १२५, प्रोसेसर जोर लावताना ८८. झाले २१३, पंखे-डिस्क वेगळे. काठावर आहात. मल्टिमीटर असेल तर गेम चालू ठेवून मोलेक्सच्या (एसएमपीएसचा चार पिनांचा कनेक्टर) पिवळ्या-काळ्या वायरवर व्होल्टेज मोजा. ११.४च्या खाली आलं तर एसएमपीएस भंगारात. तो उघडून मात्र बघू नका, आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतं.

वायरमन: पंपाचं सगळेच विसरले. मोटर सुरू होताना व्होल्टेज पडतं, यूपीएस बॅटरीवर जातो, आणि ४ वर्षांची बॅटरी गेमचा भार पेलू शकत नाही. एक्सेलसारख्या हलक्या कामात पेलते, कारण भार निम्मासुद्धा नसतो. पीसी बंद करून यूपीएसला ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, भिंतीतला प्लग काढा. चांगली बॅटरी अर्धा तास सहज ओढते. मिनिटभरात विझला तर १२ व्होल्ट ७ एएचची नवी बसवा. ३,०००मध्ये आरामात होतं.

कोकणी_बाणा: अर्थिंग बघा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३-४ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा.

धूळधाण: आणि बॅटरी बदलाच, वायरमन म्हणतात तेच.

खटपट्या: बॅटरी बदलून एसएमपीएस सुधारत नाही.

आळशी_मांजर: बल्ब ४० सेकंदांत विझला. पीसी थेट भिंतीला लावून ३ तास गेम खेळलो, मध्ये पंप दोनदा सुरू झाला, काही नाही. १२ व्होल्टच्या वायरवर भारात ११.७. यूपीएस काढूनच टाकतोय. बॅटरी नको, एसएमपीएस नको. ३,०००चा एसएसडी मागवला.

वायरमन: अहो, लाइट गेली की एसएसडीवर लिहिणं चालू असेल तर फाइल खराब होते. निदान बॅटरी तरी!

आकडेमोड: ११.७ आज आहे. मे महिन्यात पुन्हा मोजा.

आळशी_मांजर: आमच्याकडे लाइट फारशी जात नाही.

नवा_सभासद: वरचं सगळं वाचलं नाही. रॅम काढून खोडरबरने पुसून बघा.