शब्दचर्चा : इलेक्ट्रोमेरिक परिणाम

प्रश्न : लेकीच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात 'इलेक्ट्रोमेरिक इफेक्ट' आलाय. मराठीत 'क्षणिक इलेक्ट्रॉन प्रभाव' म्हटलं तर चालेल?

— 'प्रभाव' हिंदीत. आपल्याकडे डॉप्लर परिणाम, रामन परिणाम, म्हणून हाही परिणामच. 'क्षणिक' मात्र खटकतं. किती वेळ टिकतो यापेक्षा कुणामुळे घडतो, हे महत्त्वाचं. असंपृक्त संयुगातल्या दुहेरी किंवा तिहेरी बंधापाशी विक्रियाकारक (विक्रिया घडवणारा पदार्थ) आला की त्या बंधातल्या पाय (π) इलेक्ट्रॉनांची जोडी पूर्णपणे एका अणूकडे सरकते. विक्रिया व्हायच्या आत तो काढून घेतला, तर जोडी परत जागेवर. 'तात्पुरता' म्हणा हवं तर.

— इंडक्टिव्ह परिणामाशी गल्लत नको. तिथे सिग्मा (एकेरी) बंधातले इलेक्ट्रॉन नुसते एका बाजूला कललेले असतात, आणि ते कायमचे. कुणी यायची वाट बघत नाहीत.

प्रश्न : आणि +ई, −ई (ई म्हणजे इलेक्ट्रोमेरिक)? ती म्हणते, + म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा गट.

— नाही हो! तो अर्थ +आयचा, म्हणजे इंडक्टिव्हचा. पोरं हमखास इथेच अडकतात. ईच्या चिन्हाचा देण्याघेण्याशी संबंध नाही. विक्रियाकारक ज्या अणूला चिकटतो त्याच अणूकडे जोडी गेली तर +ई, दुसऱ्याकडे गेली तर −ई. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची विक्रिया घ्या. जोडी टोकाच्या कार्बनकडे जाते, प्रोटॉनही (H⁺) तिथेच चिकटतो : +ई. मग मधल्या कार्बनवर धनभार उरतो, ब्रोमाइड तिथे बसतो आणि २-ब्रोमोप्रोपेन मिळतं. आता अ‍ॅसिटोन आणि सायनाइड. सायनाइड कार्बनला चिकटतो, जोडी मात्र ऑक्सिजनकडे ढकलली जाते : −ई. वहीत जोडी कुठे सरकते ते दाखवणारा बाण काढताना तो बंधाच्या मध्यापासून सुरू करायला सांगा, अणूपासून नव्हे.

— 'मेर' म्हणजे ग्रीक 'मेरोस', भाग. पॉलिमर, आयसोमरमधला तोच. त्याचा शब्दशः मराठी अवतार करून कुणाला काही कळणार नाही. 'इलेक्ट्रोमेरिक परिणाम'च ठेवा आणि पुढे एक ओळ व्याख्या द्या.

— अनुमोदन. तसंही ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ इनगोल्ड यांच्या काळातली ही संज्ञा आता आपल्या अकरावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या पुस्तकांतच जास्त दिसते. बाहेरच्या नव्या पुस्तकांत वक्र बाण काढतात आणि पुढे जातात.