विषय: मॉरिशसहून रॉड्रिग्स बेटाचे विमान सव्वा तास की दीड तास?

खजिनदार, वाकोआ:
झाकरी लोकनृत्याच्या चमूने शनिवारी सकाळी ९ च्या विमानाने निघावे असे माझे मत आहे. प्लेन मान्यांच्या विमानतळापासून रॉड्रिग्सच्या प्लेन कोराय विमानतळापर्यंत सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर अंतर आहे आणि एटीआर हे पंख्यांचे लहान विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे सव्वादहाला आपण उतरतो. तिथल्या मुख्य गावी, पोर्ट माथुरिनला, कार्यक्रम ११ ला सुरू करता येईल आणि शुक्रवारच्या मुक्कामाचा खर्च वाचेल. आज रात्रीपर्यंत संमती कळवावी.

सहलसमिती, कात्र बोर्न:
काका, प्रवासाच्या वेळा सहलसमितीने ठरवायच्या असे वार्षिक सभेत ठरले होते, याची नम्र आठवण देते. धावपट्टीपर्यंत जाण्यात, उंची गाठण्यात आणि उतरताना वेग कमी करण्यात जाणारा वेळ आपल्या हिशेबात आलेला नाही. शिवाय रॉड्रिग्स आपल्या पूर्वेला असल्यामुळे आग्नेयेकडून येणारे वारे जाताना बऱ्याच अंशी समोरून लागतात. तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, तोच धरावा. पुढे सामान मिळेपर्यंतचा वेळ आहेच, आणि विमानतळ बेटाच्या नैऋत्य टोकाला तर पोर्ट माथुरिन उत्तर किनाऱ्यावर आहे. डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने किमान पाऊण तास सोडावा.

एक ज्येष्ठ सभासद, रोझ हिल:
ताई म्हणतात ते मी अनुभवले आहे. मागच्या खेपेस मी चाके जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ बोर्डिंग पासच्या मागे पेन्सिलीने टिपून ठेवला होता: जाताना १ तास २५ मिनिटे आणि येताना १ तास १४ मिनिटे. बोटीने दीड दिवस घालवलेल्या माझ्यासारख्याला ही तक्रारीची गोष्ट वाटत नाही. उतरण्याआधी खिडकीतून बेटाभोवतीचे फिकट हिरवे पाणी दिसू लागते, ते खुद्द बेटाच्या दुपटीहून अधिक पसरलेले आहे. डावी-उजवीकडच्या खिडक्या लहान मुलांना द्याव्यात.

झाकरी चमू:
खिडक्या मुलांना जरूर द्याव्यात, परंतु ढोलकी कोठे ठेवायची हे आधी ठरवावे. लहान विमानात वरचा कप्पा अरुंद असतो आणि सामानाच्या डब्यात टाकलेल्या ढोलकीची शाई (कातड्यावरचा काळा लेप) मागे एकदा तडकली होती. उतरल्यावर ढोलकी चढवून सुरात आणायला मला २० मिनिटे हवीत.

खजिनदार:
बोर्डिंग पासवरचे आकडे पाहून माझी चूक लक्षात आली. साडेदहाला उतरणे, सव्वाअकराला विमानतळाबाहेर, बाराला पोर्ट माथुरिन आणि २० मिनिटे ढोलकीसाठी असे धरून कार्यक्रम साडेबाराला ठेवावा, अशी विनंती तिकडच्या यजमानांना आजच करतो. त्यांना ते जमले नाही, तर शुक्रवारी दुपारी निघू. मुक्कामाचा खर्च मंडळाने द्यावा, अशी मी स्वतः शिफारस करीन.

सहलसमिती:
काका, यजमानांना पत्र मी पाठवते. ढोलकीसाठी वेगळी जागा मिळेल का, तेही उद्या सकाळी तिकीट कार्यालयात विचारून येथे कळवते.