निवाऱ्यातली रिकामी खाट

वळचण:
काल 'सरळरेघ' यांनी लिहिलं, "निवाऱ्यात खाटा रिकाम्या असताना जी माणसं रस्त्यावर झोपतात, त्यांना रस्ताच हवा असतो. रात्री पांघरुणं वाटत फिरणारे लोक त्यांची तिथेच सोय लावून देतात, म्हणून ती हलत नाहीत." खाली कौतुकाची रांग लागली. मी त्या पांघरुणं वाटणाऱ्यांपैकीच एक. रात्रभर हे डोक्यातून गेलं नाही, तेव्हा सविस्तरच लिहिते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नवरा, बायको, चौदा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी. भाडं थकलं, मालकाने सामान बाहेर काढलं, तेव्हापासून एका बंद गाळ्याच्या पायरीवर मुक्काम. त्या रात्री पायरीवर पाणी चढलं. मी निवाऱ्याला फोन केला. जागा आहे म्हणाले. साडेदहाला आम्ही पोहोचलो. रजिस्टरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, बायका आणि लहान मुलं इथे. पुरुष दुसऱ्या इमारतीत, चार किलोमीटरवर. मग मुलगा? बारा वर्षांवरचा मुलगा बायकांच्या खोलीत चालत नाही, तोही तिकडेच. पण बाप पहाटे तीनला ट्रक उतरवायला जातो आणि तिकडचं फाटक सहाच्या आत उघडत नाही. म्हणजे बापाने काम सोडायचं, नाहीतर पोराला अनोळखी पुरुषांत एकटं ठेवायचं. चौघांत फोन एकच. बाईने एवढंच विचारलं, "सकाळी आम्ही एकमेकांना कुठं शोधायचं?"

कोणाकडेच उत्तर नव्हतं. परत फिरताना मी रजिस्टरात डोकावले. रिकाम्या खाटा ११. या कुटुंबाच्या नावापुढे शेरा: 'स्वतःहून नकार'.

सरळरेघ, तुम्ही ज्या रिकाम्या खाटेचा दाखला देता, ती ही खाट. कोणी हातगाडी बाहेर ठेवावी लागते म्हणून जात नाही, कारण गाडी गेली की धंदा गेला. कोणी मागच्या वेळी चपला आणि कागद चोरीला गेले म्हणून जात नाही. 'हवा असतो' हा शब्द तुम्ही इतक्या सहज कसा वापरलात?

आणि निवारा हाच शेवटचा उपाय असं जिथे धरलं नाही, तिथे काय झालं तेही बघा. फिनलंडने २००८ पासून आधी घर द्यायचं, बाकीचं मग, असं धोरण धरलं. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं अडीचशे खाटांचं वसतिगृह होतं, ते मोडून ऐंशीच्या आसपास स्वतंत्र घरं केली. स्वतःचं दार, स्वतःचं कुलूप, करार स्वतःच्या नावावर. २००८ ते २०१५ मध्ये दीर्घकाळ बेघर असलेल्यांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने उतरली.

सरळरेघ:
माझ्या पोस्टमधली दोनच वाक्यं उचललीत. मी हेही लिहिलं होतं, की वाटप करणाऱ्याला समाधान मिळतं आणि प्रश्न तिथेच राहतो. तुमच्या गोष्टीने ते खोटं ठरत नाही. त्या रात्री पांघरूण दिलंत ना? ते कुटुंब दुसऱ्या दिवशी कुठे होतं? त्याच पायरीवर.

आकडेमोड:
फिनलंडचं उदाहरण ऐकून कान किटले. पंचावन्न लाख लोकांचा श्रीमंत देश. तिथेही एकट्या राहणाऱ्या बेघरांचा आकडा २०२३ मध्ये ३,४२९ होता तो २०२४ मध्ये ३,८०६ झाला, हे का नाही सांगितलंत? बरं, कॅनडात २००९ ते २०१३ पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर हाच प्रयोग झाला. घर मिळालं, पण व्यसन आणि मानसिक आजार यांत बाकीच्यांपेक्षा फारसा फरक पडला नाही. घराने दारू सुटत नाही.

सुईदोरा:
पांघरुणांचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या. मी चार वर्षं एका केंद्रात आलेले कपडे निवडते. परवा चाळीस पिशव्या आल्या, त्यातल्या सतरा सरळ कचऱ्यात. चेन गेलेल्या पँटी, काखेत फाटलेले शर्ट, ओले राहून बुरशी धरलेले स्वेटर. एका पिशवीत फक्त डाव्या पायाचा बूट, छान पॉलिश केलेला. लोक घर आवरतात आणि त्याला दान म्हणतात. ते फेकायला गाडी बोलवावी लागते, तिचे पैसे आम्ही भरतो. ज्याच्याकडे काही नाही त्याला काहीही चालतं, हे यांना कोणी सांगितलं?

उंबरठा:
सुईदोराताई, सगळ्यांना एका दावणीला बांधू नका. आई गेल्यावर मी तिचे कपडे धुतले, इस्त्री केली, घडीत कडुलिंबाची पानं ठेवली. तीन आठवडे लागले मला ती पिशवी भरायला. केंद्राच्या दारात एका मुलीने पिशवी उघडूनही न बघता सांगितलं, "कपडे बंद आहेत, पैसे देता का?" मी पायऱ्या उतरताना रडले. तेव्हापासून कोणालाच काही देत नाही.

सुईदोरा:
तुमच्या आईबद्दल वाईट वाटलं. पण त्या मुलीच्या मागे खोलीत छतापर्यंत गाठोडी असतील, हे तुम्हाला दिसलं नाही. आम्हाला हवे असतात नवे अंतर्वस्त्र, मोजे, पॅड आणि मापाच्या चपला. ते कोणी आणत नाही, कारण ते विकत आणावं लागतं.

उंबरठा:
म्हणजे शेवटी चूक माझीच. देणाऱ्याला आधी परीक्षा द्यायला लावा, मग म्हणा समाज पुढे येत नाही.

आकडेमोड:
उंबरठा यांचं बरोबर आहे. या केंद्रांचा तोरा फार वाढलाय.

सुईदोरा:
तोरा? दर रविवारी सहा तास वाकून बुरशी हुंगते मी, पाठ धरते, आणि तुम्ही तोरा म्हणता? एक रविवार या. एकच. मग बोला.

वकिली_कोट:
कपड्यांतून वर या जरा. पदपथावर माणूस का राहतो, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांच्या ओल्गा टेलिस खटल्यात दिलं आहे: काम जिथे आहे तिथेच तो राहू शकतो. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं तिथे म्हटलं गेलं. वळचण यांच्या गोष्टीतला बाप पहाटे तीनच्या कामासाठी त्या पायरीला धरून आहे, तो नेमका हाच मुद्दा. मात्र त्याच निकालात असंही आहे, की पदपथ अडवण्याचा हक्क कोणालाच नाही आणि रीतसर नोटीस देऊन हटवता येतं. दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्धा निकाल खिशात घालून हिंडतात, त्याचा मला मनस्वी राग येतो.

वळचण:
आकडेमोड, २०२४ ला फिनलंडचा आकडा वाढला, मान्य. मी तो लिहायला हवा होता. पण तुम्हीही कॅनडाचा अर्धाच आकडा दिलात. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात टिकले, नेहमीच्या पद्धतीने मदत मिळालेल्यांत ३१ टक्के. दुप्पट. आणि दारू घराने सुटली नाही म्हणता, तर रस्त्यावर ठेवूनही ती सुटली नाहीच ना? मग ती सुटेपर्यंत माणसाला बाहेर कशासाठी बसवायचं?

आकडेमोड:
टिकले, हे मान्य करावंच लागेल. पण त्या घरांमागे नेमाने भेटायला येणारी माणसं होती, पगारी, प्रशिक्षित. तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गटाला ते झेपणार नाही. नुसती किल्ली देऊन सहा महिन्यांत ती खोली ओस पडते.

सरळरेघ:
मला जे लिहायचं नव्हतं ते आता लिहितो. आमच्या कुंपणाबाहेर एक माणूस चार वर्षं झोपायचा. आमच्या इमारतीतली घरं पाळीपाळीने त्याला जेवण द्यायची. थंडीत मी जाड पांघरूण दिलं, निळं, कडेला पांढरी पट्टी. त्याला खोकला होता. दोन-तीनदा म्हटलं, दवाखान्यात जाऊ. तो हसायचा, बरा आहे म्हणायचा. आम्हालाही बरंच वाटायचं, जेवतोय, पांघरूण आहे, चाललंय. जानेवारीत एका सकाळी तो उठला नाही. पोलिसांनी झाकलं ते त्याच पांघरुणाने. चार वर्षांत आमच्यापैकी एकाने त्याचं पूर्ण नाव विचारलं नव्हतं. पंचनाम्यात 'अनोळखी' लिहिलं गेलं. तेव्हापासून पांघरूण वाटताना कोणी दिसलं की माझ्या पोटात ढवळतं. तुम्ही मला निर्दय समजलात, समजा.

वळचण:
मी तुम्हाला काय समजले होते ते आता लिहीत नाही. हे कालच्या पोस्टमध्ये असतं, तर मी हा धागा काढला नसता. पण सरळरेघ, तुमच्या या गोष्टीतही त्याला रस्ता 'हवा' नव्हता.

चौथी_पायरी:
मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी नऊ वर्षांचा असताना आई आणि मी सात महिने एका इमारतीच्या जिन्याखाली राहिलो. बाप गेला होता, घर दिराचं होतं, पुढचं सांगायला नको. रस्त्यावर आलं की सर्वांत आधी कागद जातात. भिजतात, कुरतडले जातात, पिशवीसकट उचलले जातात. मग शाळेत दाखला नाही, बँकेत पत्ता नाही, आणि पत्ता नाही म्हणून नवा कागद नाही. त्या इमारतीत तळमजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी आईची पत्र्याची पेटी आपल्या मशीनखाली ठेवून घेतली. पेटीत माझा जन्मदाखला, आजोबांचा एक फोटो आणि आईचं सातवीचं गुणपत्रक. सात महिने त्या बाई पेटीवर पाय ठेवून शिलाई मारत होत्या. टपालासाठी स्वतःचा पत्ता वापरू दिला त्यांनी. माझं शाळेतलं नाव कटलं नाही ते त्या पत्त्यामुळे.

जेवण आणि पांघरुणं पुष्कळांनी दिली, त्यांचे उपकार आहेतच. त्याने रात्र निघायची. पेटीमुळे वर्ष वाचलं. आकडेमोड म्हणतात शेजाऱ्यांना झेपणार नाही. त्या बाई पगारी नव्हत्या.

आकडेमोड:
एका भल्या बाईवरून धोरण ठरत नाही.

चौथी_पायरी:
मी धोरण सांगितलंच नाही. पेटी कुठे होती ते सांगितलं.

सुईदोरा:
चौथी_पायरी, आमच्या केंद्रात मागच्या भिंतीला सहा कुलपाची कपाटं आहेत, जुने चादरींचे गठ्ठे भरून. रविवारी रिकामी करायला सांगते. कागद ठेवायला देता येतील. हे आधी सुचायला हवं होतं, चार वर्षं मी बुरशीच निवडत बसले. उंबरठाताई, तुम्हाला उगाच बोलले. पण पिशवी न उघडता परत करणं चूक होतं एवढंच म्हणेन; कपडे नको हे म्हणणं चूक नव्हतं.

उंबरठा:
एवढंही पुरे. वळचण, त्या चौघांचं पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही.

वळचण:
खोली मिळाली. कशी, ते सांगते. दोघंही कमावतात, ती दोन घरी स्वयंपाक करते, त्याचं ट्रकचं काम. महिन्याचं भाडं त्यांना आधीही परवडत होतं आणि आताही परवडतं. नव्हतं ते डिपॉझिट. त्याच्या एका आजारपणात दोन भाडी थकली, मालकाने आधीचं डिपॉझिट त्यात वळतं केलं आणि नव्या खोलीसाठी हातात काहीच उरलं नाही. वर नवा मालक विचारणार, ओळखीचं कोण आहे? आमच्या गटातल्या नऊ जणांनी मिळून डिपॉझिट भरलं आणि एकीने जामीन म्हणून सही केली. पैसे दान नाहीत. ते दर महिन्याला थोडे परत करतात, वहीत मांडून. दोनदा चुकले, तिसऱ्या महिन्यात भरले. पायरीपासून खोलीपर्यंत यायला अकरा आठवडे लागले आणि त्या अकरा आठवड्यांत, हो, त्यांना पांघरुणं लागली.

निवाऱ्याकडे आम्ही दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. कुटुंबासाठी एक खोली, मग ती एकच का असेना. आणि रजिस्टरात 'स्वतःहून नकार' ऐवजी कारणाचा रकाना. उत्तर आलेलं नाही.

सरळरेघ:
डिपॉझिटचं पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? हे मला पटतं. त्या वहीत माझं नाव घाला, किती ते निरोपात कळवतो. रकान्याच्या अर्जावरही सही करेन. पांघरुणाबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि तुमच्याबरोबर वाटपाला मी येणार नाही.