मदत हवी आहे: सिबिल ५८४, एजंट १५ दिवसांत ७५० करतो म्हणतोय

पनवेलचा_पाहुणा:
तातडीने सांगा. होमलोन रिजेक्ट झालं, कारण सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून निघणारा स्कोअर) ५८४. बिल्डरला टोकन देऊन बसलोय, महिनाअखेर सँक्शन लेटर पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर एकजण १५ दिवसांत ७५० करून देतो म्हणतोय, फी १२ हजार, निम्मे आधी. कुणी करून घेतलंय का? ‘आधी का नाही बघितलं’ हे लिहू नका, घरी रोज ऐकतोय.

फणसगरा:
५८४ कशामुळे? हप्ते थकले, का कुणाला जामीन राहिलात? रिपोर्ट बघितला का नुसता आकडा?

पनवेलचा_पाहुणा:
हप्ते कधीच थकले नाहीत. प्रश्न एजंटचा आहे.

नाना_पुणेरी:
टोकन १० टक्क्यांच्या वर नाही ना? रेरा या घरखरेदीच्या कायद्याने बिल्डरला करार नोंदवल्याशिवाय त्याहून जास्त घेता येत नाही.

काउंटर_नं_४:
बँकेत २६ वर्षं काढली, म्हणून लिहितो. बँकेने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलवालेसुद्धा नोंदीतलं अक्षर बदलत नाहीत, तुमचा एजंट काय कप्पाळ बदलणार? सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या कर्जाच्या नोंदी ठेवतात, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो बघून बोला.

पनवेलचा_पाहुणा:
बघितला. क्रेडिट कार्डापुढे ‘सेटल्ड’ आहे. अहो, ते २०१९ लाच मिटलं! ४१ हजार होते, वसुलीवाला म्हणाला २२ भरा, विषय संपला. पत्रही आहे. खाली ८ हजारांचं एक पर्सनल लोन आहे, ते माझं नाहीच.

फणसगरा:
‘हप्ते कधीच थकले नाहीत’ 🙏

पनवेलचा_पाहुणा:
कार्डाला हप्ते नसतात.

काउंटर_नं_४:
सेटल्ड म्हणजे मिटलं नव्हे, बँकेने १९ हजारांवर पाणी सोडलं. पुढची बँक तेच वाचते. आता किती भरायचे ते बँकेकडून लेखी घ्या, वसुलीवाल्याशी फोनवर ठरवू नका. भरून नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) घ्या आणि ‘क्लोज्ड’ कळवायला लावा. ८ हजारांसाठी सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची तक्रार) टाका, पैसे पडत नाहीत. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

एफडीवाला:
एवढा व्याप कशाला? एफडी तारण ठेवून क्रेडिट कार्ड घ्या, दरमहा थोडं वापरून पूर्ण बिल भरा. माझा ६१० चा ७४० झाला.

काउंटर_नं_४:
किती दिवसांत?

एफडीवाला:
१४ महिने.

काउंटर_नं_४:
त्यांना महिनाअखेर हवंय हो!

एफडीवाला:
मग तुमच्या नो ड्यूजने तरी महिनाअखेर होणार आहे का?

काउंटर_नं_४:
नाही होणार. म्हणून बिल्डरकडून मुदत लेखी वाढवून घ्या, किंवा बायकोला कमाई असेल तर सहअर्जदार करून बघा.

नाना_पुणेरी:
बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सूट आहे, जाता जाता.

फणसगरा:
पाहुणे, एजंटला काही दिलं नाहीत ना?

पनवेलचा_पाहुणा:
६ हजार, काल रात्री. पॅनचा फोटो आणि ओटीपी आधीच दिला होता. रिपोर्ट त्यानेच काढून पाठवला ना.

काउंटर_नं_४:
म्हणजे आपण मघापासून त्याने पाठवलेल्या कागदावर बोलतोय? ते ८ हजार खरे आहेत की तुम्हाला घाबरवायला घातलेत, कोण सांगणार? आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. मग स्वतःच्या मोबाइलवरून नवा रिपोर्ट काढा.

पनवेलचा_पाहुणा:
१९३० लावतोय, रिंग जातेय. सिबिलला लॉगिन करायला गेलो तर ईमेल आयडी भलताच दिसतोय.