मदत हवी आहे: कॅल्साइटवरचा तांबूस थर कसा काढावा?

चिपळूणकडच्या बेसॉल्टच्या पोकळीतला कॅल्साइट-स्टिल्बाइट या खनिजांच्या स्फटिकांचा गुच्छ आहे. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील (UV) दिव्याखाली कॅल्साइट गुलाबी चमकतो, पण जांभ्यातून झिरपलेलं लोह जिथे बसलंय तिथे काळाठिक्कर. लोह ही चमक विझवतंच.

ऑक्झॅलिक ॲसिड सुचवू नका. कॅल्साइटवर कॅल्शियम ऑक्झलेटचा थर बसतो. ऑप्टिकल ब्राइटनरवाली कपड्यांची पावडर तर नकोच, ती स्वतःच निळी चमकते!

लोहाचा थर विरघळवायला विचार असा: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७१ ग्रॅम सोडियम सायट्रेट, ८.५ ग्रॅम खायचा सोडा, ऐनवेळी २० ग्रॅम सोडियम डायथायोनाइट. झाकण लावून, पण हवेशीर जागी. सल्फर डायऑक्साइड सुटतो.

सायट्रेट कॅल्साइटच्या कडा खातं का? किती तासांनी द्रावण बदलावं? आणि आपल्या पावसाळी हवेत डायथायोनाइट दमट होऊन तापतं, वायाही जातं. किनाऱ्यावर राहणारे ते कशात साठवता?