नोडल अ‍ॅनालिसिस: दोन नोडांच्या मध्ये बॅटरी आली की गणित फसते

सेम३_फोंडा
अ आणि ब हे दोन नोड, म्हणजे तारा जुळतात ते बिंदू. अ ते ग्राउंड (शून्य व्होल्ट धरलेला नोड) ४ ओहम, ब ते ग्राउंड ८ ओहम, अ आणि ब यांच्यामध्ये ६ ओहम. त्या ६ ओहमला समांतर १२ व्होल्टची बॅटरी, प्लस अ कडे. ग्राउंडमधून अ मध्ये १.५ अँपिअर सोडणारा करंट सोर्स. नोडमधून बाहेर जाणारा करंट आत येणाऱ्याइतकाच असतो, म्हणून अ, ब हे तिथले व्होल्टेज धरून मी असे मांडले:

अ/४ + (अ−ब)/६ = १.५
ब/८ + (ब−अ)/६ = ०

अ = ४.६७ आणि ब = २.६७ येतात. एलटीस्पाइस (सर्किट सोडवणारे सॉफ्टवेअर) मात्र ८ आणि −४ दाखवते. बॅटरी उलटी लागली काय? गुरुवारी इंटर्नल आहे.

केसीएल_म्हापसा
बॅटरी सुलटीच आहे रे. तुझ्या उत्तरांची वजाबाकी कर: २ व्होल्ट. मध्ये बॅटरी १२ ची! तिच्यातून जाणारा करंट दोन्ही समीकरणांत धरलेलाच नाहीस. तो ओहमच्या नियमाने काढताही येत नाही, कारण आदर्श बॅटरीला रेझिस्टन्स नसतो.

म्हणून अ आणि ब यांना एकाच वर्तुळात घे, हाच सुपरनोड. वर्तुळाच्या आतले काही लिहायचे नाही, सीमा ओलांडणारे करंट तेवढे लिही, दुसरे समीकरण बॅटरी देते:

अ/४ + ब/८ = १.५
अ − ब = १२

ब = अ − १२ घाल: ३अ = २४, अ = ८, ब = −४. ६ ओहम आतच राहिला, नोडच्या व्होल्टेजला त्याचे काही देणेघेणे नाही. बॅटरीचा करंट काढताना मात्र तो लागतो: अ मधून बाहेर २ + २ = ४, सोर्समधून आत १.५, उरलेले २.५ अँपिअर बॅटरीचे.

पडताळा पॉवरने घे. सोर्स १२ वॅट, बॅटरी ३० वॅट. रेझिस्टरांत १६ + २ + २४. दोन्हीकडे ४२.

आणि उणे व्होल्टेजला बिचकू नको. खाजन शेत (खाडीकाठचे, बांध घातलेले) भरतीच्या पातळीखाली असते म्हणून मोजमाप चुकले असे कोणी म्हणत नाही.

उलटा_ग्राउंड
प्रश्नात ग्राउंड ठरवून दिला नसेल तर बॅटरीचा मायनसच ग्राउंड धरा. ब = ०, अ = १२, जुन्या ग्राउंडला ग म्हणा:

(ग−१२)/४ + ग/८ + १.५ = ०

ग = ४. एका समीकरणात काम झाले. शेवटी सगळ्यातून ४ वजा करायला विसरू नका, मार्क तिथेच जातात.

ब्रेडबोर्ड_मडगाव
लॅबमध्ये करून बघायचे तर ओहमचे किलोओहम करा, करंट मिलीअँपिअरमध्ये येईल, व्होल्टेज तेच राहतील. ४ आणि ८ किलोओहम सहसा मिळत नाहीत, ३.९ आणि ८.२ घ्या. करंट सोर्स आणि त्याला समांतर ३.९ यांच्या जागी ६ व्होल्टचा (१.५ × ४) सप्लाय आणि सिरीजमध्ये ३.९ लावा. मीटरवर ७.९३ आणि −४.०७ च्या आसपास दिसायला हवे.

दोन ठिकाणी घोळ होतो. ड्युअल सप्लायचे (एकाच पेटीत दोन सप्लाय) मायनस आतून जोडलेले असले तर ब थेट ग्राउंड होतो आणि ८.२ शॉर्ट! १२ व्होल्ट वेगळ्या, अर्थिंग नसलेल्या अ‍ॅडॉप्टरवरून घ्या. दुसरे, अ ६ व्होल्टच्या वर असल्याने सुमारे ०.५ मिलीअँपिअर उलटा त्या सप्लायमध्ये शिरतो. साधा सप्लाय करंट गिळत नाही, त्याचे व्होल्टेजच वर सरकते. त्याच्या टोकांवर १ किलोओहम लावा, तो ६ मिलीअँपिअर घेतो, मग त्यातले सुमारे ५.५ सप्लायला स्वतः पुरवावेच लागतात आणि आकडा जागेवर राहतो.